पत्र्याखालच्या कोंबड्या : कृष्णाकाठच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

28 मार्च 2024

बेळगाव जिल्हा एकच म्हणायचा, पण खानापूरचा उन्हाळा वेगळा आणि आमचा कागवाड-अथणीकडचा वेगळा. तिकडं घाट जवळ, झाडी दाट, संध्याकाळी गार वारा सुटतो. इकडं ऊस तुटून गेला की रान उघडं पडतं, कृष्णेचं पात्र आटत जातं आणि एप्रिल उजाडला की पारा चाळिशीला टेकतो. खुराडी मात्र दोन्हीकडं सारखीच. वर पत्रा, पुढं फळी, रात्री कोंडायचं, सकाळी सोडायचं.

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीवर बऱ्याच कोंबड्या मेल्या. ‘मानमोडी आली’ म्हणून लोकांनी उरलेल्याही मिळेल त्या भावाला काढून टाकल्या. माझ्या मनाला ते काही पटलं नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यात पक्षी सहसा दोन-चार दिवस मलूल असतो, हिरवट पातळ हगतो, मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, आणि रोग हलका-जड बघत नाही. इथं मेलेल्या कोंबड्या सकाळी चांगल्या दाणे टिपत होत्या. गेल्या त्या दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, आणि गेल्या त्या सगळ्या अंगानं भरलेल्या गिरिराज जातीच्या. हलक्या अंगाच्या गावठी तलंगा त्याच खुराड्यात वाचल्या. माझ्या मते तो उन्हाचा तडाखा होता.

आज स्त्रीशक्ती संघाच्या बैठकीत हे बोलले. ठरलं असं की कडक ऊन सुरू व्हायच्या आत वस्तीवरच्या सगळ्या घरांची खुराडी बघायची, घरात जे आहे त्यातच सुधारणा करायची आणि नोंदी मी ठेवायच्या.

31 मार्च

सगळ्यात आधी लस. राणीखेतची आर-टू-बी लस पशुचिकित्सालयातून बर्फाच्या थर्मासमधून आणली आणि उजाडता उजाडता टोचून घेतली. उन्हात पक्षी धरून टोचला तर त्याला दुहेरी ताण बसतो, म्हणून आठच्या आत सगळं उरकलं. आता मे महिन्यात एखादी कोंबडी मेलीच तर राणीखेतचा संशय बराचसा बाजूला ठेवता येईल.

2 एप्रिल

मिरजेहून दोन तापमापक आणले. एक तसाच टांगला. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळ्याला पंचाचा तुकडा गुंडाळला आणि त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. आत्तींनी विचारलं, “एका खुराड्याला दोन कशाला ग?” त्यांना सांगितलं तेच इथं लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कोंबडीला घाम येत नाही, तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात. तिचं अंग मुळातच 41 ते 42 अंशांचं. बाहेर वीस-बावीस अंश असले की तिला काही करावं लागत नाही. हवा तिशीच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकायला लागते. घशातली ओल वाफ होऊन बाहेर जाते आणि तिच्याबरोबर उष्णता जाते. बाकी आधार तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) आणि पाय यांचा, म्हणजे जिथं पिसं नाहीत तिथला. अंग 46-47 अंशांवर गेलं की पक्षी हाती लागत नाही. म्हणजे तिचा जीव वाफेवर आहे. हवा कोरडी असेल तर वाफ झटकन उडते, दमट असेल तर उडत नाही. कोरड्या आणि ओल्या पाऱ्यात जितकं अंतर जास्त, तितकी हवेला वाफ पोटात घ्यायला जागा जास्त.

आज दुपारी तीन वाजता कोरडा 38, ओला 23. पंधरा अंशांचं अंतर. ऊन कडक आहे, पण हवा कोंबडीच्या बाजूची आहे.

6 एप्रिल

पत्र्याचं काम. दुपारी खुराड्यात डोकं घातलं तर आधी धग लागते ती वरून. बाहेर सावलीत 39, आणि पत्र्याखाली वीतभर अंतरावर 45. हवा तापलेली असते हे खरं, पण पत्रा स्वतःच चुलीवरच्या तव्यासारखा खाली धग फेकतो, आणि कोंबड्या दांडीवर बसतात त्या नेमक्या त्याच्याजवळ.

तीन घरांच्या पत्र्यांना चुना मारला, डिंकाचं पाणी घालून, म्हणजे वाऱ्यानं लगेच उडायला नको. दोन घरांवर उसाचं पाचट पसरलं, चांगलं वीतभर जाड, आणि वरून सुतळीनं बांधलं. पाचटाचा फरक चुन्याहून जास्त दिसतोय. पण पाचटाची एक मोठी काळजी आहे. या दिवसांत आजूबाजूची रानं पेटवतात आणि एक ठिणगी पुरते. म्हणून ज्या घरांची चूल खुराड्याला लागून आहे किंवा ज्यांच्या बांधापलीकडं तुटलेला ऊस आहे, तिथं पाचट अजिबात नाही. तिथं द्राक्षबागेवरची जुनी हिरवी जाळी पत्र्याच्या वर हातभर अंतर ठेवून ताणली. अंतर महत्त्वाचं. जाळी पत्र्याला चिकटली की ती पत्र्याबरोबर तापते.

पण आजचं खरं काम पलीकडच्या मळ्यातल्या अज्जींच्या खुराड्यात झालं. दगड-मातीचं जुनं खुराडं, तिन्ही बाजूंनी बंद. आत उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, पत्र्याखाली पसरला आणि तिथंच घोटाळत राहिला. मग मागच्या भिंतीवर पत्र्याखाली दोन-दोन विटा सारल्या, चार बोटांची फट झाली, आणि पुढच्या फळीचा खालचा तुकडा काढून तिथं जाळी लावली. पुन्हा उदबत्ती लावली. या वेळी धूर एका रेषेत मागं सरकला आणि फटीतून बाहेर गेला. अज्जी बघत होत्या. म्हणाल्या, “कोळिग गाळि बेक.” कोंबडीला वारा पाहिजे. त्यांच्या आईच्या वेळी खुराड्याला तट्टा असायचा, वारा आरपार जायचा, पत्रा आला आणि सगळं बंद झालं, असंही त्यांनी सांगितलं.

चार विटा आणि हातभर जाळी, यापेक्षा स्वस्त आणि गुणाचं काम या सगळ्या यादीत दुसरं नाही असं माझं मत झालंय. दुकानात उन्हाळ्याची टॉनिकं मांडलेली असतात, बायका पैसे साठवून ती आणतात, आणि खुराडं मात्र डबीसारखं बंद. आधी वारा, मग बाकीचं.

9 एप्रिल, पाडवा

सणाचं काम होतं. नोंद एवढीच की वस्तीवरची सगळी खुराडी आता मागून उघडी आहेत. मुंगसाच्या भीतीनं प्रत्येक फटीला अर्ध्या इंचाची जाळी ठोकली.

17 एप्रिल

पाणी आणि दाणा.

एरवी एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट लागतं. आमच्याकडं पाणी ठेवायचं भांडं म्हणजे जुनं जर्मनचं पातेलं, तेही अंगणात उन्हात. दुपारी बोट घातलं तर कोमट नाही, चांगलं गरम. असं पाणी कोंबडी पीत नाही, चोच बुडवून मागं सरते. पाणी समोर असून पक्षी तहानलेला राहतो, आणि धाप टाकायला लागणारी ओल येणार ती त्या पाण्यातूनच. म्हणून पातेली काढून मातीची परळं ठेवली, झाडाच्या बुंध्याशी, सावली फिरेल तशी हलवायची. माती पाझरते, वाफ उडते, पाणी गार राहतं. फ्रिज आहे त्या घरातली पोरं दुपारी गोठलेल्या पाण्याची बाटली परळात आडवी ठेवतात, बाटलीभोवती कोंबड्या लगेच गोळा होतात. भांडी एकाहून जास्त हवीत, नाहीतर कोंबडा आणि दोन दांडग्या कोंबड्या बाकीच्यांना जवळ येऊ देत नाहीत.

दाण्याची वेळ बदलायला मात्र बराच वाद झाला. सगळ्यांची सवय अशी की दुपारी जेवणं झाली, ताटातलं खरकटं आणि मूठभर मका टाकला. पण खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी चढते. दुपारी पोटभर मका खाल्लेली कोंबडी तीन-चार वाजता बाहेरून भाजते आणि आतूनही तापते. गेल्या वर्षी भरल्या पोटाच्या गेल्या त्याचं कारण मला हेच दिसतं. आता दाणा पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. नऊनंतर भांडी उचलायची. मधल्या वेळी कलिंगडाच्या साली, काकडी, पातळ ताक. शेजारच्या काकींना वाटत होतं की दिवसभर उपाशी ठेवलं तर अंडी बंद होतील. आठवडाभर बघितल्यावर त्या गप्प राहिल्या, आणि काल त्यांनीच दुसऱ्या घरी जाऊन दुपारची मक्याची पाटी उचलून ठेवली.

22 एप्रिल

चिंचेखाली खड्डा केला, माती ओलसर करून थोडी राख मिसळली. तासाभरात सगळ्या त्यात. पोट ओल्या मातीला लावून पंख पसरून पडतात. जमिनीत उष्णता सोडायचा हा त्यांचाच मार्ग आहे.

25 एप्रिल

अंडी. बाजारात दोन गिऱ्हाइकांनी सडकी निघाली म्हणून परत आणून दिली. कोंबडा बरोबर असतो, म्हणजे आमची बहुतेक अंडी फळलेली. असं अंडं पंचविशीच्या वरच्या हवेत पडून राहिलं की कोंबडी न बसताही आतला गर्भ हळूहळू हलायला लागतो, मग अर्धवट वाढून मरतो आणि अंडं नासतं. आत्तींनी जुना उपाय काढला. मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात अंडी, वर ओलं फडकं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. बाहेर 39 असताना मडक्यात 26 निघाले. अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची, खुराड्यात दुपारभर राहू द्यायची नाहीत.

दोन कोंबड्या खुडूक आहेत, अंडी उबवायला बसायला बघतायत. आत्ता रवणाला बसवायच्या नाहीत. खुडूक कोंबडी उन्हातही जागा सोडत नाही, पाण्याला उठत नाही, आणि पेटीतच मान टाकते. दोघींना पेटीतून काढून मोकळ्यात डालग्याखाली ठेवलं, डालग्यातून वारा खेळतो.

30 एप्रिल

आजवरचा सगळ्यात कठीण दिवस. दुपारी कोरडा 41, ओला 24. वीज अकरापासून नाही. ज्या घरी पंख्याच्या भरवशावर कोंबड्या कोंडलेल्या होत्या, तिथून पोरगं पळत आलं.

गेले तेव्हा एक गिरिराज कोंबडी गेलेलीच होती. दुसरी जमिनीवर आडवी, पंख अंगापासून सुटलेले, चोच पूर्ण उघडी, गळ्याखालची कातडी थरथरत होती इतक्या वेगानं की धापा मोजता येत नव्हत्या. तुरा काळपट. पाय हातात घेतले तर तापलेले. घरातले तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतत होते, ते आधी थांबवलं. बेशुद्धीला आलेल्या पक्ष्याच्या नाकाचोचीत पाणी गेलं की तो बुडूनच मरतो. बादलीत हौदातलं साधं पाणी घेतलं, बर्फ नाही. बर्फानं पायाच्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते, वर धक्का बसतो तो वेगळाच. तिला मानेपर्यंत पाण्यात धरलं, पिसं हातानं उलटी फिरवून पाणी कातडीपर्यंत पोचवलं. मग लिंबाखाली ठेवून सुपानं वारा घातला. बराच वेळ काही नाही. मग डोळ्याची पापणी वर गेली, पाय आखडले, आणि ती उठून बसली. बोटानं चोचीच्या कडेला पाण्याचे थेंब लावले, तिनं स्वतः गिळले. रात्रीपर्यंत चालायला लागली.

बाकीच्यांना पकडायला पोरं धावत होती, त्यांना थांबवलं. दुपारी कोंबडीमागं धावणं म्हणजे तिच्या अंगात आणखी उष्णता भरणं. फळी काढली, त्या आपणच सावलीला गेल्या.

या आठवड्यापुरतं पाण्यात खायचा सोडा, लिटरला साधारण एक ग्रॅम, आणि शेजारी साध्या पाण्याचं दुसरं परळ. जास्त नाही, रोज नाही.

7 मे

मतदान. गर्दी टाळायला सगळी वस्ती सकाळीच गेली. जायच्या आधी प्रत्येक घरी सावलीत तीन ठिकाणी पाणी भरून ठेवलं. आल्यावर सगळ्या धडधाकट.

14 मे

काल संध्याकाळी पहिला वळीव. वीज, गारा थोड्या, मातीचा वास, पोरं नाचली. सगळे म्हणाले, सुटलो बाई. आज दुपारी कोरडा फक्त 35. ओला मात्र 28.

आकडा चाळीसवरून पस्तिसावर आला म्हणून कुणी कोंबड्यांकडं बघितलं नाही, आणि आज त्या 30 एप्रिलइतक्याच धापा टाकत होत्या. पंधरा-सतरा अंशांचं अंतर सातवर आलंय. हवेनंच पाणी पिऊन घेतलंय, कोंबडीच्या घशातली वाफ ती घेईना. त्यात दोन घरांनी सवयीप्रमाणं खुराड्याला ओली तरटं लावली होती. एप्रिलात हीच तरटं आतली हवा पाच-सहा अंशांनी उतरवत होती. आज आत शिरले तर न्हाणीघरात शिरल्यासारखा कोंदटपणा. तरटानं दमटपणा वाढवला आणि वाराही अडवला. काढून टाकली. जमिनीवर पाणी शिंपडणंही बंद केलं.

सगळ्या घरी जाऊन एकच सांगितलं. दोन पाऱ्यांत दहा अंशांहून जास्त अंतर असेल तर ओलं तरट, तेही वारा ज्या बाजूनं येतो त्याच बाजूला. दहाच्या आत आलं की तरट काढा, सगळ्या बाजू उघड्या करा, वीज असेल तर पंखा, नसेल तर पक्षी झाडाखाली. दहा हा आकडा आमच्या वस्तीवर बघून ठरवलेला आहे, कुठं आठ बरा पडेल, कुठं बारा. ‘ऊन उतरलं’ या बोलण्यावर मात्र विश्वास ठेवू नका. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त कोंबड्या वळवाच्या दुसऱ्या दिवशी गेल्या, हे आज काकींनी आठवून सांगितलं.

16 मे

रात्रीची फेरी. दहा वाजता बॅटरी घेऊन सगळी खुराडी बघितली. जिथं भिंत दगडाची तिथं हात लावला तर अजून ऊब. दिवसभर प्यालेलं ऊन ती मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते. बाहेर अंगणात 28, आत 32, आणि दांडीवर बसलेल्या काहींच्या चोची उघड्या. रात्री विश्रांतीतसुद्धा चोच उघडी असेल तर त्या पक्ष्याचा आदल्या दिवसाचा ताण उतरलेलाच नाही, दुसऱ्या दिवसाची दुपार त्याला झेपत नाही. दिवसा सगळे बघतात, रात्री कुणी बघत नाही.

फळ्या काढून पूर्ण जाळीची दारं केली. मुंगूस, रानमांजर, मोकाट कुत्री, तिघांची भीती आहे, म्हणून जाळी जमिनीत वीतभर गाडली. “मी ओट्यावरच झोपतो, बघतो कोण येतंय ते,” म्हणून आत्तींनी वाकळ बाहेर काढली. एका खुराड्यात दाटी फार होती, त्यातल्या अर्ध्या रिकाम्या बैलगाडीच्या साट्याखाली जाळी बांधून हलवल्या. आता आत 29-30.

27 मे

अंड्यांची टरफलं पातळ येतायत, बोटानं दाबलं तरी चिरतात. टरफल म्हणजे चुन्याचं कार्बोनेट, आणि कार्बोनेट बनतं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून. दिवसभर धापा टाकून कोंबडी तोच उडवून देते. त्यात दाणा कमी खाल्ल्यानं कॅल्शियमही कमी. नदीवरचे शिंपले कुटून संध्याकाळच्या दाण्याबरोबर वेगळ्या परळात ठेवले. टरफल चढतं ते मुख्यतः रात्री, म्हणून शिंपला संध्याकाळी. दोन-तीन अंड्यांत फरक दिसला, पण धाप थांबल्याशिवाय पुरता फरक पडणार नाही.

तळातला भुसा ओला झालाय, नाकाला झोंबतोय. सगळा काढून दोन बोटं जाडीचा नवा पसरला. ओल्या भुश्यात रक्ती हगवण धरते, पावसाच्या तोंडावर ती नको.

9 जून

मृग लागला. कोरडा 28, ओला 25. अंतर तीनच, पण अठ्ठावीस अंशांत कोंबडीला धापेची गरजच पडत नाही. वस्तीवर या उन्हाळ्यात गेलेली एकच, 30 एप्रिलची.

पुढच्या साली काय करायचं ते आजच ठरवलं. दोन खुराड्यांची लांब बाजू पश्चिमेला आहे, तिथं तीन वाजल्यापासून ऊन थेट आत. ती दिवाळीनंतर फिरवून पूर्व-पश्चिम लांब करायची. तोवर पश्चिमेला शेवगा आणि एरंड, पाऊस आहे तोवर लावून घ्यायचा. गिरिराज ठेवायच्या, पण थोड्या, आणि सगळ्यात मोकळ्या खुराड्यात. शिवाय एक उघड्या मानेचा कोंबडा बघायचा. त्याच्या मानेवर पिसं नसतात आणि अंगावरही कमी असतात, त्यामुळं उष्णता लवकर जाते. हा गुण प्रबळ आहे, आमच्या गावठी कोंबड्यांवर सोडला तरी पिल्लांत उतरतो. अज्जींना ती मान दिसायला आवडत नाही, त्यांच्या घरी सक्ती नाही.

तापमापक पुसून फडताळात ठेवले. खुडूक बसलेल्या दोघींखाली उद्या अंडी ठेवतोय, कुंडीतल्या मडक्यातली नाहीत, या आठवड्यातली ताजी. एकवीस दिवस धरले तर पहिली पिल्लं जुलैच्या पहिल्याच दिवशी.